मदत हवी आहे : आंध्रातल्या ओंगोलच्या फिरत्या ख्रिस्ती प्रचारकांचा मार्ग नकाशावर कसा बसवू?

एमएच्या प्रबंधासाठी नकाशा करतोय. अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनचे जॉन क्लफ १८६६ मध्ये ओंगोलला आले. १ जानेवारी १८६७ ला तिथली मंडळी (चर्च) स्थापन झाली तेव्हा सभासद अवघे आठ. ३ जुलै १८७८ ला मात्र गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. गाजतो तो हाच आकडा. मला त्याआधीची पायपीट हवी आहे: क्लफ यांचे तंबूतले दौरे आणि मादिग या तेलुगू दलित समाजातले प्रचारक येर्रगुंटला पेरय्या गावोगाव फिरले ते.

क्लफ यांच्या छापील आठवणी वाचून गावांची यादी केली आहे. ओंगोल, वेल्लमपल्ली सापडली. लहान गावांचं इंग्रजी स्पेलिंग दर पानाला वेगळं. गूगल मॅप्सवर टाकलं की एकाच नावाची तीन-चार गावं समोर येतात. हल्लीच्या प्रकाशम जिल्ह्याची यादी लावून पाहिली, पण तो जिल्हा १९७० चा, क्लफ यांच्या काळी हा भाग मद्रास इलाख्यात होता.

मला तेलुगू वाचता येत नाही, आणि दिवाळीआधी तिकडे जाणं जमणार नाही. मिशनचे वार्षिक अहवाल सुचवू नका, त्यांत आकडेच जास्त.

नेल्लोर-ओंगोल भागाचे १९०० पूर्वीचे, गावनिहाय तालुका नकाशे पुण्या-मुंबईत किंवा ऑनलाइन नक्की कुठे बघायला मिळतील?