खाद्यरंग न चालणाऱ्या पेशंटसाठी पातळ आहार काय द्यावा?

बेळगावातल्या एका छोट्या हॉस्पिटलचं किचन बघते. कृत्रिम रंग पोटात गेला की अंगावर पित्त उठतं असे पेशंट अधूनमधून येतात. टार्ट्राझिन (पाकिटावर नंबर १०२) आणि सनसेट यलो (११०) हे कृत्रिम रंग बंद, असं डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेलं असतं.

नेहमीचं जेवण जमलंय. केसरीभातात डबीतला रंग घालणं बंद, आता साधा शिरा. सुटी हळद-तिखट घेत नाही. ब्याडगी मिरची दळून आणतो, तिचा रंग तसाही झकास. जॅम, सॉस पाकिटावरचे नंबर वाचूनच. नातेवाईक बाहेरून गोबी मंच्युरी आणतात ती डोकेदुखी वेगळीच. कर्नाटकात २०२४ पासून तिच्यात कृत्रिम रंगाला बंदी आहे, पण गाड्यावरचं कोण तपासणार?

अडलंय ऑपरेशननंतरच्या पातळ आहारावर. पूर्वी कस्टर्ड, जेली द्यायचो; आमच्याकडच्या पाकिटांवर दोन्हीत हेच नंबर. आता पेज, मुगाचं कढण, ताक, नाचणीची आंबील चालू आहे. पण शुगर असून दूध-ताकही न चालणाऱ्यांना पेज आणि कढणच उरतं, दुसऱ्या दिवशी वाटी तशीच परत येते. संध्याकाळी आचारी एकच, त्यामुळे फार खटाटोपाचं नको. नारळपाणी पोटॅशियममुळे सगळ्यांना देता येत नाही. अन्नाटो (बियांपासून काढलेला केशरी रंग) नैसर्गिक असला तरी काहींना बाधतो, म्हणून तोही नको.

अशांना तुम्ही पातळ आहारात काय देता? आणि सिरप-कॅप्सूलमधला रंग तुमच्याकडे कोण तपासतं, फार्मसी की डाएटवाले?