तमाशापट हा खरंच वेगळा प्रकार आहे का? आणि तो गेला कुठं?

वेदवती_पुणे

नमस्कार मंडळी. मी पुण्यात माध्यम अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चित्रपटांचे प्रकार आणि चळवळी शिकताना वेस्टर्न झाले, सामुराईपट झाले, फ्रेंच नवी लाट झाली. मी विचारलं, आपला तमाशापट यात कुठं बसतो? सर म्हणाले, तूच लिहून आण. आता बसलेय लिहायला.

आजीकडून नावं कळली आहेत, थोडे सिनेमे यूट्यूबवर पाहिलेत. पण हा प्रकार एकाएकी आला कुठून? पन्नास ते सत्तरच्या दशकांत एवढा चालला आणि नंतर संपला कसा? त्याचा पुढच्या सिनेमावर काही परिणाम झाला, की नुसत्या लावण्या उरल्या? कुणी जवळून पाहिलं असेल तर सांगा. नुसती यादी नको, ती माझ्याकडं आहे.

खडूस_प्रेक्षक

प्रकार वगैरे काही नाही हो. एक पाटील, एक नाचणारी बाई, एक भोळा मास्तर आणि सात लावण्या. बजेट नव्हतं म्हणून तेच तेच काढत होते. अभ्यास करायचाच तर प्रभात फिल्म कंपनीचा करा.

तंबूवाला

वेदवतीताई, उत्तराला उशीर झाला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, स्क्रीनकडं फार वेळ बघता येत नाही. मी सातारा-सांगली भागात टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होतो. म्हसवड, पुसेगाव, पाल अशा यात्रांना आमचा तंबू लागायचा. त्यामुळं हे सिनेमे मी पडद्यापेक्षा बूथच्या भोकातून जास्त पाहिलेत, आणि माणसांकडं बघत पाहिलेत. ते डोक्यात ठेवून वाचा.

आधी खडूसरावांना. तेच तेच होतं, म्हणूनच तर तो प्रकार झाला. पाटील पडद्यावर आला की तो काय करणार हे माणसाला आधीच ठाऊक असायचं. आणि ते ठाऊक असल्यावरच त्याला चकवता येतं. सत्तरच्या दशकात लोकांनी नेमकं तेच केलं, त्यावर पुढं येतो.

तो आला कुठून, याचं माझं उत्तर: संतपटातून. हसू नका. १९४७ सालचा ‘लोकशाहीर राम जोशी’ बघा. व्ही. शांतारामांच्या राजकमल संस्थेचा, दिग्दर्शन शांतारामबापू आणि बाबूराव पेंटर यांचं, लेखन आणि गाणी गदिमांची. त्याच्या आधीच्या दहा-बारा वर्षांत मराठी सिनेमाची शान कशात होती? ‘संत तुकाराम’ १९३६, ‘संत ज्ञानेश्वर’ १९४०, ‘संत सखू’ १९४१. आता राम जोशींचं चरित्र घ्या. सोलापूरचा ब्राह्मण, घरात कीर्तन-पुराण, तो तमाशाच्या नादी लागतो, लावण्या रचतो, आणि उतारवयात परत कीर्तनाकडं वळतो. सांगाडा संतपटाचाच आहे, फक्त मधल्या भागात अभंगाच्या जागी लावणी आली. घरंदाज माणसाला तमाशा दाखवायचा तर तो कीर्तनाच्या दारानंच आत आणावा लागला. आणि सहा वर्षांपूर्वी सखू झालेल्या हंसा वाडकरच इथं बया नावाची फडावरची नाचणारी झाल्या. बाई तीच, प्रेक्षक तोच, मग बिचकायचं कशाला?

त्याच वर्षी दिनकर द. पाटलांचा ‘जय मल्हार’ आला. त्यानं गाव आणलं, गावची बोली आणली. मला वाटतं हे दोन प्रवाह कोल्हापुरात एकमेकांत मिसळले. आणि ते मिसळायला कारण काही सुखाचं नव्हतं. १९४८ला गांधीजींच्या खुनानंतर जाळपोळ झाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, ‘मीठभाकर’ची निगेटिव्ह त्यात गेली. भालजींनी तो सिनेमा पुन्हा उभा केला, पण बाकीच्यांचं कंबरडं मोडलं. १९५३ला पुण्यात प्रभात बंद पडली. शहरातलं मोठं थिएटर हिंदीनं घेतलेलं. मराठी निर्मात्याला पैसा मिळणार तो गावातून आणि यात्रेतून. एक वाडा, एक बोर्ड (तमाशाचा मंच), ढोलकी, दोन-तीन दमदार नट, एवढ्यात सिनेमा होत होता. म्हणजे बजेटचं खडूसरावांचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

पण तंबूत बसल्याशिवाय एक गोष्ट कळत नाही. यात्रेत आमच्या शेजारीच खऱ्या तमाशाच्या फडाची कनात असायची. तिकडं घरच्या बायका जात नसत. आमच्याकडं मात्र मधी पडदा, एका अंगाला बाया, एका अंगाला बाप्ये, आणि लावणी लागली की दोन्हीकडनं शिट्ट्या. हो, बायांच्या बाजूनंसुद्धा. गावातल्या बाईनं लावणी पहिल्यांदा बघितली ती पडद्यावर. म्हणून पडद्यावरची नाचणारी निराळी घडवावी लागली. ती जन्मानं कुणा चांगल्या घरची निघणार, मनानं पतिव्रता असणार, शेवटी लग्न करणार नाहीतर मरणार. प्रेक्षकांतल्या बाईला तिच्यासाठी रडता आलं पाहिजे, ही अट होती.

‘सांगत्ये ऐका’ (१९५९, अनंत माने) यात सगळं बसलंय. पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. सगळे ‘बुगडी माझी सांडली गं’ची आठवण काढतात, पण त्या सिनेमाची खरी करामत शेवटात आहे. पाटलानं पूर्वी केलेलं पाप त्याच्याच गावात, त्याच्यासमोर फडाच्या बोर्डावर उभं राहतं, आणि ते उभं करणारी पोर त्याच्याच रक्ताची. तमाशात गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे कथानाट्य, या क्रमात वगाला जे स्थान, ते इथं सिनेमाच्या शेवटाला दिलंय. वग म्हणजेच न्यायालय. मग ‘सवाल माझा ऐका’ (१९६४) मध्ये सवाल-जबाब, म्हणजे गाण्यातली प्रश्नोत्तरं, हाच भांडणाचा फड झाला. इंग्रजी सिनेमात बंदुका जिथं निघतात, तिथं आपल्याकडं ढोलकी निघते. संगीत दोन्हींचं वसंत पवारांचं. ते गेल्यावर त्या पद्धतीचं ओझं राम कदमांनी वाहिलं.

आता चकवण्याचं. ‘पिंजरा’ (१९७२) आणि ‘सामना’ (१९७५) लागोपाठ बघा, मधी दुसरं काही बघू नका. ‘पिंजरा’त डॉ. लागू आदर्श मास्तर आणि निळूभाऊ फुले फडातले. तीन वर्षांनी जब्बार पटेलांच्या ‘सामना’त लागू पुन्हा मास्तरच, पण स्वातंत्र्यलढ्यातून आलेला, दारूनं पोखरलेला, आणि निळूभाऊ साखर कारखान्याचे हिंदुराव धोंडे पाटील. विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिताना तमाशापटातला पाटील उचलला आणि त्याच्या हातात वाड्याऐवजी सहकार दिला. मी तो सिनेमा साखरपट्ट्यातल्या एका गावात लावला होता. पहिल्या दोन रिळांना लोक लावणीची वाट बघत होते, आणि लावणी येतेही. मग मास्तर विचारायला लागतो, मारुती कांबळेचं काय झालं. पब्लिक गप्प. रीळ बदलायला मशीन थांबवलं (आमच्याकडं एकच प्रोजेक्टर, प्रत्येक रिळाला थांबायचं), एरवी त्या वेळात भजीवाल्याचा धंदा व्हायचा, त्या दिवशी कुणी जागचं हललं नाही. हा सिनेमा पुढं बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. पण तो कळायला आधीचे पंचवीस पाटील बघितलेला माणूस लागतो, आणि तो माणूस बर्लिनमध्ये नव्हता, आमच्या सतरंजीवर होता.

डोळे दुखायला लागले. संपला कसा, ते उद्या.

ढोलकीच्या_घरातली

काका, छान लिहिताय, पण एक बाजू राहिली. माझे आजोबा फडात ढोलकीवर होते. आमच्या घरात हे सिनेमे कौतुकानं कधी बघितले गेले नाहीत. पडद्यावर लावणी नाचायला जयश्री गडकर, गायला सुलोचना चव्हाण. दोघी मोठ्याच, सुलोचनाबाईंनी डोक्यावरचा पदर न ढळू देता लावणी घराघरांत नेली, त्यांना २०२२ला पद्मश्री मिळाली, आनंद आहे. पण विठाबाई नारायणगावकरांसारखी बाई, जी १९६२च्या युद्धात जवानांपुढं नाचली, ती उतारवयात हलाखीत राहिली. सिनेमानं फडाचं सगळं घेतलं आणि फडातल्या बायांना दाराबाहेर ठेवलं. “जन्मानं चांगल्या घरची निघणार” असं तुम्हीच लिहिलंय ना? म्हणजे आमच्या घरची चांगली नव्हे, हेच ते.

आणि वेदवती, प्रभाव उलटाही वाहिला, तो लिही. सिनेमातल्या लावण्या एवढ्या गाजल्या की यात्रेत पब्लिक फडवाल्यांकडं त्याच मागायला लागलं. रंगबाजीत, म्हणजे तमाशातल्या नाचगाण्याच्या भागात, आधी लावण्या असायच्या, मग सिनेमाची गाणी शिरली, मग हिंदी शिरली. आजोबा म्हणायचे, आमचीच लावणी आम्हाला सिनेमाकडनं शिकून घ्यावी लागली. गवळण आणि वग आखडत गेले. पाडव्याला नारायणगावात तमाशाच्या सुपाऱ्या ठरवायला येणारे लोक आता वग कुठला हे विचारत नाहीत, पोरी किती आहेत ते विचारतात.

खडूस_प्रेक्षक

हे मात्र पटलं.

रीळ_नऊ

थोडी भर. ‘पिंजरा’चं मूळ जर्मनीत आहे. १९३० सालचा ‘द ब्लू एंजल’, योसेफ फॉन श्टर्नबर्गचा, मार्लेन डीट्रिश आणि एमिल यानिंग्स. कॅबरेतल्या गायिकेपायी एका शिक्षकाची धूळधाण. शांताराम १९३३ला ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीत गेले होते, तिथल्या सिनेमाच्या छायाप्रकाशाचा ठसा त्यांच्या ‘अमृतमंथन’पासून दिसतो. पण ‘पिंजरा’ ही नक्कल नाही, हे टिपून ठेव. जर्मन प्राध्यापक विदूषक होतो आणि आपल्या वर्गातल्या टेबलाशी येऊन मरतो. आपला मास्तर जिवंतपणी मेला असं गाव समजतं, गावात त्याचा पुतळा उभा राहतो, आणि त्याच्यावर त्याच मास्तरच्या खुनाचा खटला चालतो. हा पुतळा जर्मन सिनेमात नाही. गुरुजींचा पुतळा उभारणारं गाव आपलंच.

दुसरं, हंसा वाडकर. त्यांचं आत्मकथन १९७०ला आलं, शब्दांकन अरुण साधूंचं, नाव पुन्हा ‘सांगत्ये ऐका’च. त्यावर श्याम बेनेगलांनी १९७७ला ‘भूमिका’ केला, स्मिता पाटील त्यात. म्हणजे जी बाई संतपटातून तमाशापटात आली, तिचं आयुष्य समांतर सिनेमाचा विषय झालं. आणि ते लिहून घेणाऱ्या साधूंच्या कादंबऱ्यांवर १९७९ला ‘सिंहासन’. त्यात निळू फुले पत्रकार! चळवळी आपण पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत वाचतो, पण माणसं तीच चार-पाच आहेत.

वेदवती_पुणे

बापरे, एवढं सगळं! ढोलकीताई, तुमचा मुद्दा मी स्वतंत्र भाग म्हणून घेतेय. तंबूवाले काका, शेवट राहिलाय. आणि ‘नटरंग’ कुठं बसवू?

तंबूवाला

ढोलकीच्या पोरीचं बरोबर आहे. वादच घालत नाही. एकच सांगतो, निळूभाऊ आणि दादा कोंडके हे मात्र लोकनाट्यातून, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आले. पुरुषांना दार उघडलं, बायांना नाही, असं लिहा हवं तर.

शेवट. लोक म्हणतात टीव्हीनं मारलं. टीव्ही आमच्या गावात यायच्या आधीच फट पडली होती, आणि ती दादांनी पाडली. ‘सोंगाड्या’ (१९७१) पासून त्यांनी तमाशातला सोंगाड्या, म्हणजे हसवणारा नट, उचलून बाहेर काढला. नाडी लोंबणारी चड्डी, बतावणीतला दुहेरी अर्थ, हजरजबाब. वग सोडला, नाचणारीचं दुःखही सोडलं. पब्लिकला हसायचंच होतं. मग १९८५ला महेश कोठारेंचा ‘धुमधडाका’, आणि विनोद गावातून शहरातल्या फ्लॅटमध्ये गेला. त्या धाग्याचं टोक दाखवणारा सिनेमा म्हणजे ‘एक होता विदूषक’ (१९९२). जब्बार पटेल पुन्हा, पटकथा पुलंची, आणि शहरी विनोदाचा राजा लक्ष्या बेर्डे तमाशातल्या सोंगाड्याच्या भूमिकेत. आमच्या तंबूत तो चालला नाही. लोक लक्ष्याला हसायला आले आणि वैतागून उठले. माझ्या मते त्याचं ते सगळ्यात मोठं काम.

आणि बायका? त्या ‘माहेरची साडी’ला (१९९१) गेल्या. पूर्वी जी रड नाचणारीसाठी होती, ती आता सासुरवाशिणीसाठी. मधला पडदा बाजूला सारून बाप्यांच्या अंगालाही बाया बसवाव्या लागल्या होत्या, एवढी गर्दी. तिथं लावणीची गरजच उरली नाही.

‘नटरंग’ (२०१०) तमाशापटात बसवू नका, तमाशापटाकडं मागं वळून बघणाऱ्यांत बसवा. आनंद यादवांची कादंबरी, पैलवान गड्याला फड उभा करण्यापायी नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा नट, व्हावं लागतं. जुन्या सिनेमात नाच्या फक्त हसण्यापुरता असायचा, इथं तो नायक आहे. हा सिनेमा यात्रेतल्या तंबूसाठी काढलेला नाही, मल्टिप्लेक्ससाठी काढलाय. शहरातल्या माणसाला गावाची आठवण म्हणून. अजय-अतुलची गाणी मात्र दोन्हीकडं वाजली, आमच्या गावात वरातीत अजून वाजतात.

लिहून झालं की इथं टाका. आणि ‘सामना’ची प्रत चांगली बघा, यूट्यूबवर जी आहे तिचा आवाज फाटलाय.

ढोलकीच्या_घरातली

काका, सेवा दलाचं कलापथक म्हणजे फड नव्हे हं. त्यावर वेगळा धागा काढते.