संग्रहालयात ‘प्रदर्शन आणि मांडणी’ची नोकरी लागलीय. सुरुवात कुठून करू?

पायवाट_जुन्नर

नमस्कार मंडळी. पुरातत्त्वात एम.ए. केलं, उत्खननावर खापरं धुतली, नोंदी केल्या. आता एका तालुक्याच्या गावी एका न्यासाच्या छोट्या संग्रहालयात वर्षभराच्या करारावर काम मिळालंय. पदाचं नाव ‘एक्झिबिशन अँड इंटरप्रिटेशन डेव्हलपर’. घरी आईला समजावताना मी ‘संग्रहालयातल्या वस्तूंची गोष्ट लोकांना कळेल अशी मांडायची’ असं सांगितलं. तेवढंच मलाही कळलंय.

तीन खोल्या आणि एक अंगण आहे. आत धान्याची मापं, लामणदिवे, अडकित्ते, पानपुडे, शेतीची अवजारं, थोड्या पोथ्या. अंगणात बरेच वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड), दोन सतीशिळा (सती गेलेल्या बायकांचे स्मृतिदगड) आणि एक गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेला दगड). प्रत्येक वस्तूपुढे पिवळी पडलेली चिठ्ठी आहे, तिच्यावर ‘पितळी माप, १९ वे शतक’ एवढंच. विश्वस्त भले आहेत, पण त्यांना सगळ्यात आधी टचस्क्रीन हवाय. पैसे बेताचे आहेत.

ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा: पहिल्या महिन्यात काय करू? आणि हे कुठे रीतसर शिकता येतं का?

जतन_कोल्हापूर

मी संवर्धनाच्या बाजूची, त्यामुळे माझं तेवढंच सांगते. पोथ्यांवर उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर जाऊ देऊ नका. लक्समीटर फार महाग नसतो, न्यासाला घ्यायला लावा. उजेडाने झालेली हानी साठत जाते आणि भरून येत नाही, म्हणून उघडी ठेवलेली पोथी दर तीन महिन्यांनी पान उलटून ठेवा. नवीन कपाटं प्लायवुडची किंवा एमडीएफची करणार असाल तर रंग-पॉलिश झाल्याबरोबर वस्तू आत ठेवू नका, त्यातून आम्लाच्या वाफा निघत राहतात. आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी हौसेने पितळेची भांडी चिंचेने लखलखीत करतं, त्यावर लक्ष ठेवा.

शिकण्याबद्दल: बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचा पदविका अभ्यासक्रम आहे. मांडणीची रचना शिकायची असेल तर अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था.

ओसरी

पायवाट, अभिनंदन. तुला ‘तू’ म्हणते, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली तुझ्याच वयाच्या असतात.

पहिल्या महिन्यात एकही फलक लिहू नकोस. स्टूल घे, वही घे आणि खोलीच्या कोपऱ्यात बस. माणसं दारातून आत आली की कुणीकडे वळतात, कुठे थांबतात, कुठून नुसती निघून जातात, ते लिही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती एकमेकांशी काय बोलतात ते. ‘हे कशाला लागायचं गं?’ ‘आमच्या आजीकडे होतं, विकून टाकलं.’ ही वाक्यं जशीच्या तशी उतरवून घे. वस्तूपुढे उभं राहून माणूस जो प्रश्न मोठ्याने विचारतो, त्याचं उत्तर फलकाच्या पहिल्या वाक्यात आलं पाहिजे. शतक, धातू, नोंदणी क्रमांक खाली बारीक अक्षरात.

तू मापांचं लिहिलंस, तेच घेऊ. ‘पितळी माप, १९ वे शतक’ ही नोंदवहीतली ओळ आहे. ती नोंदवहीत असायलाच हवी, पाहुण्यापुढे तिचा उपयोग नाही. मी असं लिहीन:

‘हे मापटं. दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. सुगीनंतर खळ्यावर सुतार, लोहार, कुंभार यांना वर्षभराच्या कामाचं धान्य अशा मापांनी मोजून मिळे. माप काठाशी सपाट करायचं की वर शीग, म्हणजे काठावरचा ढीग, लावायची, यावर पदरात किती पडणार ते ठरे.’

चाळीसेक शब्द झाले. उभं राहून वाचणाऱ्याला पन्नासच्या पुढे नेऊ नये. पण आता मापटं म्हणजे फक्त पितळेचं भांडं राहिलं नाही. एक देणारा आला, एक घेणारा आला आणि त्यांच्यातली ती शिगेवरची ओढाताण आली. या कामात माझा जीव आहे तो यासाठी. गावोगावचा शेर सारखा नव्हता, म्हणून त्याच तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांना माप दाखवून विचार. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. त्याआधी शेर-पायलीने धान्य मोजलेले हात अजून आहेत, पण कमी उरलेत. फलक नंतरही लिहिता येतील, ही माणसं आधी गाठ. त्यांचं बोलणं परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित कर.

आता अंगण. तुझी खरी दौलत तिथे आहे.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, पुष्कळदा गुरं हाकून नेणाऱ्यांशी झालेली झटापट. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती. पण आपले डोळे वरून खाली जातात. पाहुणा आधी शिवलिंग बघतो, ‘देवाचा दगड’ म्हणतो, हात जोडतो आणि पुढे जातो. गावासाठी जीव दिलेला माणूस तळाशी पडून राहतो, त्याच्याकडे कुणी वाकून बघतही नाही. हे मला फार लागतं.

तेव्हा तीन गोष्टी कर. एक, दगड दीड-दोन फुटांच्या चौथऱ्यावर घे, म्हणजे तळाची चौकट नजरेच्या टप्प्यात येईल. सिमेंटमध्ये मात्र रोवू देऊ नकोस. सिमेंटमधले क्षार दगडात चढतात आणि खालचं कोरीवकाम कायमचं गाडलं जातं. दुसरं, शेजारी वीरगळाचं साधं रेखाचित्र लाव आणि आकडे खालून घाल: १ तळाला, ४ माथ्याला. मजकूरही त्याच क्रमाने, ‘खाली बघा, इथे लढाई चाललीय’ इथून सुरू होणारा. तिसरं म्हणजे उजेड. झिजलेलं कोरीवकाम समोरून प्रकाश पडला की सपाट दिसतं, बाजूने तिरपा पडला की उठून येतं. अंगणात सकाळी आणि कलत्या दुपारी जाऊन कोणता दगड केव्हा उजळतो ते बघ, आणि दगड त्या हिशेबाने फिरवून घे. त्याला एक पैसा लागत नाही.

एखाद्या दगडावर होडी दिसतेय का, तेही बघ. बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांतल्या काहींवर चक्क आरमारी लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगा स्पष्ट दिसतात. जमलं तर एकदा जाऊन ये. आणि तुझे दगड मुळात कुठल्या शिवारातले, ते नोंदवहीत शोध. गावाचं नाव फलकावर मोठ्या अक्षरात हवं. त्या गावचं कुणी आलं तर त्याला आपला माणूस भेटला पाहिजे. आणखी दगड आणायची टूम निघाली तर थांबव. ज्या वीरगळाला गावात अजून शेंदूर लागतो, तो तिथेच बरा आहे. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे अशा शिल्पांची नोंदणी लागते, तुमच्या आहेत त्या दगडांची झालीय का ते विश्वस्तांना विचार.

टचस्क्रीनबद्दल विश्वस्तांना एकच विचार: तो बंद पडला तर दुरुस्तीला कोण येणार आणि किती दिवसांनी? तालुक्याच्या ठिकाणी काळा पडलेला पडदा मी बऱ्याच दालनांत बघितलाय. तो पैसा आधी दिव्यांना आणि बाकांना दे.

छपाईचं मात्र जपून. आपण मजकूर युनिकोडमध्ये देतो, छापणारा तो श्रीलिपीत (छपाईतल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये) नेतो, आणि त्या फिरवाफिरवीत जोडाक्षरं आणि रफार मोडतात. शेवटचा प्रूफ कागदावर मागव, खऱ्या आकारात, आणि मोठ्याने वाच. त्याआधी साध्या कागदावर छापून, चिकटपट्टीने भिंतीला लावून आठवडाभर ठेव. संग्रहालयाचा शिपाई, झाडू मारणाऱ्या मावशी, पेपर टाकणारा मुलगा, सगळ्यांना वाचायला लाव. जिथे ते अडखळतील ते वाक्य बदल.

तू जुन्नरची आहेस म्हणून सांगते. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव कोरलेलं होतं: राजा सिमुक, राणी नागनिका, सातकर्णी, कुमार. पुतळे गेले, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या, पण नावं दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतात. म्हणून तिथे कोण उभं होतं ते आज आपल्याला सांगता येतं. चिठ्ठी लिहिणं हे किरकोळ काम आहे असं कुणी म्हणालं तर त्याला घाटात घेऊन जा.

खडू_फळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. दरवर्षी मुलांना घेऊन कुठल्या ना कुठल्या संग्रहालयात जातो. आमची अडचण ऐका. दोन बस भरून मुलं येतात, मार्गदर्शक म्हणतात ‘हात लावू नका, रांगेत चला’, आणि अर्ध्या तासात सगळी बाहेर. पाचवीच्या मुलाचं डोकं कपाटाच्या काचेच्या खालच्या काठाशी येतं. त्याला दिसतो तो लाकडाचा पट्टा.

ताईंनी मापांचं लिहिलं ते वाचून वाटलं, मुलांना खरंच मोजू द्या की. परातीत ज्वारी, लाकडी मापं, एकाने सपाट भरायचं, दुसऱ्याने शीग लावायची, आणि फरक किती येतो तो मांडायचा. आमचं गणितही होईल. डबा खायला सावली आणि मुलींसाठी स्वच्छतागृह असेल तर शाळा पुन्हा येतात, हेही विश्वस्तांच्या कानावर घाला.

जतन_कोल्हापूर

सर, कल्पना उत्तम, पण ज्वारी दालनात नको. धान्याला टोके-पोरकिडे होतात, मागे उंदीर येतात आणि मग पोथ्या आणि लाकडी अवजारं त्यांच्या तोंडी जातात. काचेचे किंवा लाकडाचे मणी चालतील. ज्वारीच हवी असेल तर अंगणात, झाकणाच्या डब्यात, आणि रोज संध्याकाळी ती खोलीपासून लांब गेली पाहिजे.

ओसरी

जतन यांचं बरोबर आहे, मणी वापर. मापं सुताराकडून नवीन करून घे, संग्रहातली हाताळायला द्यायची नाहीत. खडू_फळा सरांचा काठाचा मुद्दाही लिहून ठेव. फलकाचा मध्य जमिनीपासून साधारण १४० सेंटीमीटरवर घेतात, ते मोठ्यांसाठी. मुलांसाठी आणि चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी काही गोष्टी खाली, तिरक्या पाटीवर हव्यात. अंगणात उतरायला उतार कर, एक फूट चढाला बारा फूट लांबी.

पायवाट_जुन्नर

ताई, सर, सगळ्यांचे मनापासून आभार. काल स्टूल घेऊन बसले. एक आजोबा पाभरीपुढे (पेरणीचं अवजार) बराच वेळ उभे होते. विचारलं तर म्हणाले, ‘ही उलटी ठेवलीय.’ त्यांचा नंबर घेतलाय, बुधवारी येणार आहेत.

एक अडलंय. गद्धेगाळाचं काय करू? विश्वस्त म्हणतात, शाळेची मुलं येतात, तो मागे भिंतीकडे तोंड करून ठेवा. चिठ्ठीवर सध्या ‘शिलालेखयुक्त दगड’ लिहिलंय. मला ते पटत नाही, पण लिहायचं कसं?

ओसरी

लपवू नकोस. मराठी शिलालेखांच्या अभ्यासात या दगडांना मोठी जागा आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा प्रसिद्ध लेख गद्धेगाळावरच आहे. आणि मुलं लपवलेल्या दगडाभोवतीच जास्त जमतात. मी असं लिहीन, तू तुझ्या शब्दांत बदल:

‘हा गद्धेगाळ. जमीन दान दिली की ते दान पुढे कुणी मोडू नये म्हणून असा दगड उभा करत. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत हे दान चालावं. खाली गाढव आणि स्त्री कोरली आहे. दान मोडणाऱ्याच्या आईला उद्देशून दिलेली ही शिवी आहे. लेख वाचता न येणाऱ्यालाही धमकी कळावी अशी ती चित्रात दिली आहे. गुन्हा करणार पुरुष, आणि अब्रू पणाला लावली ती त्याच्या आईची.’

शेवटचं वाक्य काढायला सांगतील. त्यासाठी भांड. ते काढलं तर आपणही त्या शिवीच्या बाजूने उभे राहतो, आणि अंगणात शेजारी दोन सतीशिळा असताना तर मुळीच काढू नये. त्यांच्यावरचा तो कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात आणि हा दगड, दोन्ही मिळून बाईच्या वाट्याला काय आलं ते सांगतात. तिन्ही दगड एका बाजूला एकत्र ठेवता आले तर बघ. मजकूर विश्वस्तांपुढे नेण्याआधी गावातल्या दोन-चार बायकांना आणि एका शिक्षिकेला वाचून दाखव. त्यांनी होकार दिला की तुझी बाजू भक्कम होईल.

खडू_फळा

आमच्या शाळेतल्या बाई सातवीला इतिहास शिकवतात. मसुदा पाठवा, त्या वर्गात वाचून घेतील आणि मुला-मुलींनी काय विचारलं ते मी इथे लिहीन.