मदत हवी आहे: गाडी लागण्याची गोळी घेतली आणि अण्णांची लघवी अडली

अण्णांचं वय ७१. गाडी लागायचा त्रास लहानपणापासूनचा. एसटीत खिडकीची जागा, हातात लिंबू, खिशात कॅरीबॅग, हे ठरलेलं. मागच्या महिन्यात लातूरहून चिपळूणला लग्नाला निघालो. पुढं कुंभार्ली घाट, म्हणून मेडिकलवरून चिठ्ठीशिवायच गोळ्या आणल्या. प्रोमेथाझिन, २५ मिलिग्रॅम. एक निघताना घेतली, एक कराडला.

घाटात साधा उमासाही आला नाही. आम्ही खूश! उतरल्यावर मात्र पाय लटपटत होते, जीभ टाळूला चिकटलेली. ताईला म्हणाले, "अगं, अजून मुरूडच का?" मुरूड तर लातूरजवळचं, केव्हाच मागं पडलेलं. आधी हसू आलं, मग पोटात गोळा. रात्री चार वेळा उठले, थेंब नाही. ओटीपोट दगडासारखं. पहाटे दवाखान्यात नळी घालून लघवी काढली.

अण्णांना प्रोस्टेटचा त्रास आहे, दोन वर्षं औषध चालू आहे. मेडिकलवाल्यानं विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. शिवाय कधीमधी झोपेची अर्धी गोळी घेतात, ती वेगळीच.

आता दिवाळीनंतर सप्तशृंगी गडावर जायचं म्हणतात. "या वेळी अर्धीच घेतो," हा हट्ट. अर्धी चालेल का? की दुसरी कुठली घ्यावी? आणि आई म्हणते, दीड वर्षाच्या नातवालाही चिमूटभर द्यावी, तोही गाडीत ओकतो.

प्रतिसाद १:
दादा, मी फार्मासिस्ट आहे. आधी नातवाचं: अजिबात देऊ नका. दोन वर्षांखालच्या लेकराला प्रोमेथाझिननं श्वास मंदावू शकतो, जीवावर बेतू शकतं.

अण्णांना अर्धीही नको. मूत्राशय आवळायला जो निरोप मज्जातंतूंकडून जातो, तो ही गोळी अडवते. प्रोस्टेटनं वाट आधीच अरुंद केलेली, त्यात ढकलणाराही थंडावला. कोरडं तोंड आणि ते 'अजून मुरूडच' हेही त्याच गुणातून. म्हातारपणी हे जास्त होतं. काचबिंदू असेल तर सांगा, त्यातही धोका असतो. मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट याही त्याच घराण्यातल्या, कानामागची स्कोपोलामाइन पट्टीही तशीच. 'दुसरी द्या' म्हणून मागू नका. झोपेची गोळी किंवा दारू सोबत असेल तर गुंगी दुप्पट. अशी गोळी घेऊन गाडी चालवायचीही नाही.

मागच्या चाकावरची सीट टाळा, पुढं बसवा, नजर लांब रस्त्यावर. निघताना भाकरीचा चतकोर, तर्रीची भाजी नको. बाकी लघवीच्या डॉक्टरांना विचारूनच.

धागाकर्ता:
सोमवारी नेतो दाखवायला. अण्णांकडून पाकीट काढून घेतलं. धुवायला टाकलेल्या नेहरू शर्टाच्या खिशात आणखी दोन गोळ्या निघाल्या.