वजनकाटा, बीएमआय आणि आपण बायका: तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठची (सांगली)

काल भाची कॉलेजातल्या आरोग्य शिबिरातून आली ती तोंड पाडूनच. हातात चिठ्ठी. उंची १५८, वजन ६४, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, त्याचा आकडा) २५.६ आणि पुढे लाल पेनाने 'स्थूल', खाली दोन रेघा. ही पोर पहाटे तालमीत जाते. जोर मारते, दोर चढते, तिच्या दंडाला चिमटा काढायला जावं तर बोटात काही येत नाही. रात्री ताटातली भाकरी मोडून अर्धी परत टोपलीत ठेवली. "आत्या, मला अर्धीच बास."

मला एकदम मिरज जंक्शनवरचं वजनाचं मशीन आठवलं. लुकलुकणारे दिवे, गरगर फिरणारी चकती, नाणं टाकलं की खटकन पडणारं पुठ्ठ्याचं तिकीट, एका बाजूला वजन, दुसरीकडे भविष्य. मला बघायला आलेल्या मंडळींना गाडीत बसवून द्यायला आम्ही गेलो होतो. त्यांच्यातल्या एक काकू "चला, गंमत करू" म्हणत एकेकाला मशीनवर उभं करत होत्या, शेवटी मला. माझं तिकीट त्यांनीच उचललं, मोठ्याने वाचलं आणि पर्समध्ये टाकलं. पुढच्या आठवड्यात निरोप आला, "बाकी सगळं पसंत आहे, पण मुलगी अंगाने जरा जास्तच भरलेली वाटते."

आज पन्नाशी ओलांडली. बीपी नाही, शुगर नाही, गुडघे शाबूत. त्या तिकिटावरचा आकडा मात्र अजून पाठ आहे, आणि काल भाचीच्या डोळ्यांत तेच दिसलं म्हणून हा धागा काढला. वजनावरून कोण काय बोललं, तब्येत खरी कशी होती, सगळं लिहा. बारीक असणाऱ्यांनीही लिहा, त्यांनाही कमी ऐकावं लागत नाही.

चारभिंती (सातारा)

मी दुसऱ्या टोकाची. उंची १५२, वजन ४६. बीएमआय १९.९ म्हणजे चिठ्ठीवर अगदी शहाणा आकडा. राजवाड्यावर भेळ खायला गेलं की ओळखीच्या बायका म्हणणार, "काय मेंटेन केलंयस गं!" मेंटेन कसलं. जिना चढले की धाप लागायची, फणीत केसांचे पुंजके, आणि सारखा बर्फ खावासा वाटायचा. फ्रीजमधला ट्रे मी एकटी संपवायचे. पाळीत चार-चार दिवस उठवत नव्हतं. शेवटी एका डॉक्टरीण बाईंनी पापणी खाली ओढून बघितली आणि वजन न विचारता रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ७.८, म्हणजे अंगात रक्तच कमी.

इतकी वर्षं सगळे कौतुक करत होते. आजारी बाईचं कौतुक चाललं होतं, याचा मला अजून राग येतो.

हळदपेव

अगदी अगदी. माझी जाऊ कच्चे तांदूळ खायची, डब्यातून मुठी मुठी. सगळे म्हणायचे सवय आहे. तिचंही रक्तच कमी निघालं. नंतर सविस्तर लिहिते, कुकर लावलाय.

गणिताच्या बाई (कराड)

पेपर तपासताना मध्येच लिहितेय, कारण बीएमआयचं सूत्र आलं की मला राहवत नाही.

किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. बस, एवढंच. त्यात स्नायू नाही, हाड नाही, चरबी कुठे साठली ते नाही, बाई की पुरुष तेही नाही. हे काढलं बेल्जियमच्या अडोल्फ केटले यांनी, १८३० च्या दशकात. गृहस्थ खगोल आणि संख्याशास्त्रातले, डॉक्टर नव्हेत. त्यांना लोकसंख्येतला 'सरासरी माणूस' कसा असतो ते मांडायचं होतं, कुणाचा आजार ओळखायचा नव्हता. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं अमेरिकेच्या अँसल कीज यांनी १९७२ मध्ये, आणि त्या अभ्यासात सात हजारांवर माणसं होती ती सगळी पुरुष. एक बाई नाही! आणि त्यावर आमच्या पोरींच्या ताटातली भाकरी ठरते.

अजून एक. अमेरिकेत बायकांसाठी 'जास्त वजना'ची रेघ २७.३ ला होती. १९९८ मध्ये ती २५ वर आणली. रात्री झोपताना ठीक असलेल्या लाखो बाया सकाळी उठल्या त्या जाड होऊन, एक ग्रॅमही न वाढता. आपल्याकडे २००९ पासून तज्ज्ञांनी रेघ आणखी खाली धरली, २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे स्थूल. कृष्णाकाठची ताई, तुमच्या भाचीच्या चिठ्ठीवर 'स्थूल' आलं ते या हिशोबाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या तक्त्यात तीच पोर फक्त 'ओव्हरवेट' ठरली असती.

विट्याची

रागावू नका, पण मी वेगळं लिहिणार आहे. माझं वजन ८४ होतं, शुगर वाढलेली, गुडघ्यांनी जीव नकोसा केलेला. वजन उतरल्यावर गोळ्या निम्म्या झाल्या. शेतावर चालत जाते आता. तेव्हा 'वजनाचा आणि तब्येतीचा काही संबंध नाही' असं पोरींना सांगू नका. असतो.

फक्त सांगणाऱ्याची तऱ्हा असते. एका दवाखान्यात मी पाठ दुखते म्हणून गेले तर मान वर न करता, "आधी वजन कमी करा, मग या." दुसरीकडच्या बाईंनी खुर्ची ओढून जेवण विचारलं, झोप विचारली, घरात कोण कोण म्हणून विचारलं, शेवटी म्हणाल्या, "आपण दोघी मिळून बघू." मी त्यांचंच ऐकलं.

कृष्णाकाठची

विट्याची ताई, रागावते कशाला! हेच हवं होतं. आकडा बघूच नये असं माझंही म्हणणं नाही. त्या एका आकड्यावर बाईचा निकाल लावतात, ते मला सोसत नाही.

मिरजकरीण

मी लॅबमध्ये आहे, रोज रक्त काढते. रिपोर्ट छापून निघतात तेव्हा अंगकाठी आणि शुगर यांची गाठ पडेलच असं नाही. काडीसारख्या बायका, शुगर तीनशेच्या घरात. 'मला कशी होईल, मी तर बारीक' हे वाक्य मी इतकं ऐकलंय!

आपली रेघ खाली का आणली, ते वर राहिलं म्हणून सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही त्यांनी मोजली. ब्रिटिश बाळांपेक्षा वजनाने कितीतरी कमी, पण त्या मानाने चरबी टिकून. म्हणजे बीएमआय आपल्याला दोन्हीकडून फसवतो. तालमीतल्या पोरीला नाहक घाबरवतो आणि पोट सुटलेल्या बारीक बाईला निर्धास्त ठेवतो. घाबरलेली पोर निदान आमच्याकडे येते. निर्धास्त बाई येत नाही, मला तिची जास्त काळजी वाटते.

चारभिंती, तुमच्यासारख्या एकट्यादुकट्या नाहीत हो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. निम्म्याहून जास्त! वजनकाट्यावर यातलं काही दिसत नाही.

माणदेशी

मी आशा सेविका आहे, फील्डवरून लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा आम्ही सीबॅक फॉर्म भरतो, शुगर-बीपीसारख्या आजारांचा धोका कुणाला ते ओळखायला. त्यात गुण असतात ते वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घरात कुणाला शुगर-बीपी आहे का याचे. वजनाला गुणच नाहीत! कंबर बाईची ८० सेंटीमीटरपर्यंत असेल तर शून्य, ८१ ते ९० ला एक, त्यापुढे दोन. बेरीज ४ च्या वर गेली की आधी तिला तपासायला पाठवायचं.

पण टेप लावणं सोपं नाही. म्हाताऱ्या नऊवारीत, तरण्या पाचवारीत, निऱ्यांचा गठ्ठा पोटावर. वरून मोजलं तर माप खोटं येतं. मग दार लावून घ्यायचं, पोरांना बाहेर काढायचं, निऱ्या सैल करायला लावायच्या. एक आजी म्हणाल्या, "बाळंतपणानंतर माझ्या पोटाला कुणी हातबी लावला न्हाई गं." माप ९४ आलं. दिसायला वाळकी काठी. पुढे पाठवलं, बीपी निघालं.

आणि व्यायामाचा प्रश्न. आठवड्याला दीडशे मिनिटं अंगमेहनत होते का? डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेल्या बाईला हे विचारायचं म्हणजे काय बोलू.

हळदपेव

माणदेशी, तुम्ही माण तालुक्यातल्या का? मोहीची ललिता बाबर तुमच्याकडचीच ना? २०१६ ला रिओ ऑलिंपिकात स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला होती, तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांनी मिळून बघितलं होतं.

माणदेशी

हो हो, आमचीच. नाव काढलं की अजून ऊर भरून येतो.

शिवणकाम (तासगाव)

माझं ब्लाउजचं दुकान आहे. मापं घ्यायला बाई उभी राहिली की पहिलं काम श्वास आत ओढते. मी टेप हातात धरून थांबते. म्हणते, सोडा श्वास, सणात दिवसभर घालायचाय. मग बोलायला लागतात. "लग्नात अशी नव्हते हो." "दंड बघू नका." माफी मागतात माझी! तीस इंची आली तरी माफी, चव्वेचाळीस आली तरी माफी. तीस इंचीवाली म्हणते पॅड घाला, पुढं काहीच नाही माझ्या.

सासवांचं तर विचारू नका. जुन्या सासूबाई म्हणायच्या सून भरली पाहिजे, खात्यापित्या घरची दिसली पाहिजे. आता त्याच घरातली नवी सासू म्हणते सूनबाईला जिमला घाला. कापड तेच, माप बदलायला सांगणारी माणसं बदलली.

मी प्रत्येक ब्लाउजला दोन्ही बाजूंनी दीड इंच माया ठेवते. वाढलीस तर उसव, उतरलीस तर टीप मार. बाईचं अंग आहे, ते बदलणारच.

गणिताच्या बाई (कराड)

दीड इंच माया! आमच्या इथला शिंपी अर्धा इंचही सोडत नाही. पत्ता द्या की.

शिवणकाम (तासगाव)

व्यक्तिगत निरोप पाठवलाय. संक्रांतीआधी या, नंतर लग्नसराईची गर्दी होते.

यवतेश्वरघाट

पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? आमच्या सौ. बीएमआयच्या तक्त्यात ठार लाल रकान्यात. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढून परत येते, एकवीस किलोमीटर, न थांबता. मी तिच्यापेक्षा कितीतरी हलका, आणि घाटात मला तिची पाठच दिसते. तिच्या ऑफिसात मेडल दाखवलं तर एक जण म्हणाली, "एवढं पळून पण कमी होत नाही का हो?" घरी आल्यावर तिने मेडल कपाटात ठेवून दिलं. मी ते काढून हॉलमध्ये लावलंय. बायकोची ताकद मी रोज बघतो, ती मला सुंदर दिसते. हे तिला सांगतोच, इथेही लिहून ठेवतो.

चारभिंती (सातारा)

भावोजी, तुमच्यासाठी पाव किलो कंदी पेढे माझ्याकडून.

पैलवानाची लेक (सांगली)

भाचीसाठी लिहितेय. आमच्या घरात तीन पिढ्या कुस्ती. तालमीत वजन रोज होतं, पण ते जोड लावायला. साठची साठशी, सत्तरची सत्तरशी. जाड-बारीक हा शब्द मी तिथं ऐकला नाही. २०२३ ला पहिली महिला महाराष्ट्र केसरी आपल्याच सांगलीत झाली, आपल्याच प्रतीक्षा बागडीने गदा घेतली. त्या दिवशी मैदानात भरलेल्या खांद्याच्या पोरी बघून आयाबाया शिट्ट्या मारत होत्या, आणि माझे बाबा रडत होते.

पण खेळातही काटा निर्दय होतो, तेही तिला माहीत असू दे. २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगट पन्नास किलोत फायनलला पोचली आणि सकाळी शंभर ग्रॅम जास्त भरली. रात्रभर घाम गाळला, केस कापले, तरी बाद. आदल्या दिवशी ऑलिंपिकच्या तीन कुस्त्या मारणारी बाई! पाणी तोडून, उपाशी राहून वजन पाडायचं असेल तर वस्तादांना आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोरीने एक घाससुद्धा कमी करू नये. वाढत्या वयात असं उपाशी राहिलं की पाळी बंद पडते, हाडं ठिसूळ होतात. ताई, तिला पूर्ण भाकरी खायला घाला. दोन घाला.

कृष्णाकाठची

वाचून दाखवलं तिला. सीबॅकचं ऐकून टेप आणली, कंबर ७३ भरली. मिरजकरीण, तिचं रक्त तपासून घ्यावं म्हणते, काय काय करू? आणि उपाशी आणायचं का?

मिरजकरीण

तिच्यासाठी हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा, पाळी अनियमित असेल तर थायरॉइड. याला उपाशी राहायची गरज नाही. शुगर बघायची तर एचबीए१सीलाही (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) उपाशी लागत नाही. फास्टिंग शुगर केली तरच आठ तास पोट रिकामं हवं, पाणी चालतं. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, गूगलला नको. कंबरेचं साधं गणित म्हणजे उंचीच्या निम्म्याहून कमी. १५८ ची निम्मी ७९. पोर झकास आहे.

हळदपेव

कुकर उतरवून आले तोवर धागा कुठं पोचला! मिरजकरीण, माझ्या सासूबाई बारीक म्हणून आजवर कधी शुगर तपासलीच नाही. तहान फार लागते म्हणतात हल्ली. सोमवारी आणू का?

मिरजकरीण

सोमवार कशाला, उद्याच आणा. फास्टिंगसाठी उपाशीच आणा आणि सोबत डबा घ्या, रक्त दिलं की लगेच खाऊ दे त्यांना.