समुपदेशक बदलावेत, की आणखी काही सत्रे थांबावे?

सिंहगडरोडकर:
वडील गेल्यापासून माझी झोप उडाली आहे, म्हणून गेले दोन महिने मी डेक्कनवरील एका समुपदेशकांकडे जात आहे. त्या वेळ पाळतात, सौजन्याने वागतात. तरीही पाच सत्रांनंतर असे वाटते की मी तेथे स्वतःविषयी बोलत नसून कोणा तिऱ्हाइताचा अहवाल सादर करत आहे. भाषा हे त्याचे एक कारण असावे. त्या बहुतेक इंग्रजीत बोलतात आणि मीही नोकरीतल्या सवयीने इंग्रजीतच उत्तरे देतो. पण वडिलांनी शेवटची चार वर्षे माझ्याशी अबोला धरला होता, हे मला त्या भाषेत सांगताच आले नाही. अशा वेळी समुपदेशक बदलणे योग्य ठरेल का?

मुठाकाठ:
‘अबोला’ हा शब्द आपण त्यांच्यासमोर कधी उच्चारला आहे का? नसल्यास आधी तो मराठीतच उच्चारावा, आणि सत्रांत परकेपणा वाटतो हेही स्पष्ट सांगावे, असे मी सुचवेन. एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये उपचारातील नात्याची तीन अंगे मांडली: काय साधायचे यावर एकमत, त्यासाठी काय करायचे यावर एकमत आणि परस्परविश्वास. आपण लिहिले आहे ते तिसऱ्या अंगाविषयी. पहिल्या दोहोंबद्दल आपले त्यांच्याशी बोलणे झाले आहे की नाही, हे मात्र कळत नाही. आपल्याला केवळ झोप परत हवी आहे अशी त्यांची समजूत असेल आणि आपल्याला त्या चार वर्षांविषयी बोलायचे असेल, तर दोघेही प्रामाणिक असूनही सत्रे कोरडीच जातील. आपली नाराजी ऐकून त्या कुतूहलाने प्रश्न विचारू लागल्या तर थांबावे. स्वतःचे समर्थन करू लागल्या, किंवा ‘उपचाराला तुमचाच विरोध आहे’ असे म्हणून मोकळ्या झाल्या, तर निःसंकोचपणे दुसरीकडे जावे.

कसबा_वाचक:
वरील मताशी सहमत आहे, परंतु दोन महिने झोप नसेल तर मनोविकारतज्ज्ञांनाही एकदा दाखवावे. ते वैद्यकीय पदवीधर असल्याने औषधे देऊ शकतात, समुपदेशक देऊ शकत नाहीत. खासगी शुल्क जड वाटत असल्यास ससून रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे, आणि रात्री फारच अस्वस्थ वाटल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. नवीन व्यक्ती शोधताना पाटीवर विसंबू नये, कारण ‘समुपदेशक’ म्हणवणाऱ्या सर्वांचे शिक्षण सारखे नसते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) असल्याचे सांगितले, तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. असे विचारण्यात अनादर नाही, जरी आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे आगाऊपणा समजला जात असला तरी.

एक_पेन्शनर:
मी तीन वेळा बदल केला आणि प्रत्येक वेळी पहिली दोन सत्रे तीच कहाणी नव्याने सांगण्यात गेली. तिसऱ्यांदा बदलताना आधीच्या बाईंकडून थोडक्यात टिपण मागून घेतले. ते त्यांनी आनंदाने दिले.

सिंहगडरोडकर:
सर्वांचे आभार. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या आहेत हे मला ठाऊक होते, तरीही मराठीत बोलू का, असे मी त्यांना एकदाही विचारले नाही. गुरुवारी सत्र आहे, तेव्हा विचारेन.