'फोन हॅक झाला' म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न: आपल्या सोलापुरात सगळीकडं एकच वाक्य, फोन हॅक झाला. कुणाचं व्हॉट्सॲप दुसऱ्यानं उघडलं तरी हॅक, ओटीपी सांगून पैसे गेले तरी हॅक, आणि पेपरात एखाद्या देशाचं अख्खं मोबाईल नेटवर्क बंद पाडलं म्हणून येतं तिथंही हॅकच. मराठीत वेगळे शब्द हायत का? शाळेत मुलांशी बोलायचंय.

– हायत की ताई. ओटीपी काढून घेतला ती फसवणूक, तिथं मशीन कुणी फोडलं नाही, माणूस गंडवला. कंपनीच्या यंत्रणेत कुणी शिरलं तर घुसखोरी म्हणा, सरळ कळतं.

– घुसखोरी अर्धंच सांगते हो. युक्रेनच्या कीवस्टार ह्या मोबाईल कंपनीचं बघा, १२ डिसेंबर २०२३ ला सुमारे २.४ कोटी ग्राहकांचे फोन बंद पडले, काही भागात हवाई हल्ल्याचे भोंगे पण वाजेनात, युद्ध चालू असताना! आणि तिथल्या सुरक्षा खात्यानं नंतर सांगितलं की हॅकर निदान मे महिन्यापासून आत बसून होते. म्हणजे मे मध्ये झाली ती घुसखोरी आणि डिसेंबरात हजारो सर्व्हर पुसून टाकले तो घातपात. दोन्हीला हॅक म्हटलं की मधले सात महिने दिसतच नाहीत, आणि खरा धोका त्या सात महिन्यांत हाय.

– आणि हेरगिरी राहिली की. २०२४ मध्ये अमेरिकेत सॉल्ट टायफून नावाची टोळी मोठमोठ्या टेलिफोन कंपन्यांत शिरलेली सापडली, काही बंद पाडलं नाही, कोण कुणाला कधी फोन करतं त्याच्या नोंदी नेल्या. ग्राहकाला पत्ताच नाही, रिंग नेहमीसारखी वाजतीय. मला तर बंद पडण्यापेक्षा ह्याचीच जास्त भीती वाटते.

– काका, पण एसएस७ ला काय म्हणायचं? जगातल्या कंपन्या कॉल नि एसएमएस कुठं पाठवायचा ते ज्या भाषेत एकमेकींना सांगतात ती ही पद्धत, १९७० च्या दशकातली, तेव्हा मोजक्याच कंपन्या होत्या म्हणून निरोप कुणाकडून आला हे तपासायची सोयच ठेवली नाही. २०१७ ला जर्मनीत चोरांनी आधी लोकांचे बँकेचे पासवर्ड मिळवले, मग ह्याच वाटेनं ओटीपीचे मेसेज आपल्याकडं वळवले आणि खाती साफ केली. ग्राहकानं ओटीपी कुणाला सांगितला नव्हता! इथं 'गंडवला' म्हणणं त्या माणसावर अन्याय हाय.

– बरोबर, तिथं 'मेसेज परस्पर वळवला' असंच म्हणावं. ताई, मुलांना एक जरूर सांगा, घरात असं काही झालं तर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन लावायचा आणि नुसतं हॅक झालं म्हणायचं नाही, सिमची रेंज अचानक गेली का, लिंक दाबली का, ओटीपी कुणी मागितला का, जे झालं ते तसंच सांगायचं, म्हणजे पुढचा माणूस आधी बँकेचं खातं थांबवायचं बघतो.